बाबांचा संघ मी सांभाळते

पुस्तक वाचून पोहता येत नाही म्हणणाऱ्यांनी चुकीची पुस्तकं वाचलेली असतात! मी हॉकीवरची सहा वाचली, पेन्सिलीनं रेघा मारत, आणि क्लबच्या सेक्रेटरीकाकांना छातीठोकपणे सांगितलं, "शनिवारची मॅच मी सांभाळते!"

बाबा एके काळी व्यावसायिक हॉकी खेळत. गुडघा गेल्यावर बारा वर्षांखालच्या मुलींना शिकवू लागले. दोन महिन्यांपूर्वी बाबा गेले, आणि क्लबनं त्या मुली दुसऱ्या संघांत वाटून टाकायचं ठरवलं.

"बघ बाई," काका म्हणाले, "निभावलंस तर संघ राहील. नाहीतर सोमवारी वाटणी."

शनिवारी बाबांची टोपी घालून मी सीमारेषेशी उभी राहिले. टोपी नाकावर येत होती, म्हणून काढली. त्याबरोबर दहाच्या दहा मुली पाठ फिरवून आपल्या गोलकडे धावल्या! टोपी घातली. सगळ्या परत पुढे! मनात म्हटलं, वा, काय लाटेसारखा संघ तयार केलाय बाबांनी!

मग एका चिमुरडीनं डावा गुडघा वाकवून उलट्या स्टिकनं चेंडू अडवला. घरातल्या बोळात मी फेकलेला मोज्यांचा गोळा बाबा अडवायचे, अगदी तस्सा. दोन महिने डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. नेमकं आत्ता आलं. मी रुमाल काढला.

आमची गोलकीपर गोल सोडून निघाली! पॅड, हेल्मेटसकट, फ्रिज पळत सुटावा तशी थेट समोरच्या गोलकडे!

"अगं, कुठे? परत जा!" मी ओरडले.

ती आणखी जोरात पळाली. मोकळ्या गोलमध्ये चेंडू शिरला.

मी घाम पुसला. ती पुन्हा निघाली! दुसरा गोल. तिसऱ्यानंतर मला रडू आवरेना. एक आई धावत आली, "हा घ्या माझा मोठा रुमाल." त्या मोठ्या रुमालावर चार गोल झाले.

सात-शून्य.

"ताई," दोन वेण्यांची कर्णधार धापा टाकत म्हणाली, "तुम्ही तेरा वेळा 'सगळे पुढे' सांगितलंत!"

"मी कधी?"

"रुमाल म्हणजे सगळे पुढे, गोलकीपरसुद्धा. टोपी काढली की मागे. सर कधी ओरडायचेच नाहीत. ओरडलेलं समोरच्यांनाही ऐकू जातं ना! ते म्हणायचे, मी ओरडलो तर समजा फसवतोय."

इतकी वर्षं मला वाटायचं, मैदानावर चुळबुळ करायची बाबांना खोडच आहे!

"सरांनी रुमाल कधी काढला होता?" मी विचारलं.

"एकदाच. आठ गोलांनी मागे होतो तेव्हा."

"मग?"

"मग नऊ गोलांनी हरलो."

मी हसायला लागले ते थांबेचना. काका आले. "सात-शून्य! याला निभावणं म्हणायचं?"

"काका, ताईंनी खुणेनं सांगितलं ते सगळं आम्ही केलं," कर्णधार म्हणाली. "एकीचंही चुकलं नाही."

काकांनी गोलांच्या फळ्याकडे पाहिलं, मग चिखलानं माखलेल्या अकराजणींकडे.

"गुरुवारी पाच वाजता सराव," ते म्हणाले. "पण हिला आधी कोणीतरी शिकवा रे!"

"मी शिकवते," दोन वेण्या म्हणाल्या.

गुरुवारी माझ्या दहा वर्षांच्या कोचनं मला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. दुसरीतच मी गवतावर बसले. या भागाबद्दल सहाही पुस्तकांत अवाक्षर नाही!