भाबड्या मुळ्यांची राखण

कुमुदकाकूंनी जपानात, सेंदाईला मुलाकडे आल्याच्या तिसऱ्या दिवशी मुळ्यांवर पहारा बसवला. पहारेकरी त्या स्वतःच.

आमची इमारत बसच्या शेवटच्या थांब्याजवळ आहे आणि तिच्यामागे शेतं सुरू होतात. वळणावर एन्दोसान नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची लाकडी मांडणी आहे. वर पत्रा, फळ्यांवर मुळे, पालक, बटाटे आणि शेजारी फट पाडलेला एक डबा. भाजी उचलायची, डब्यात नाणं टाकायचं आणि घरी जायचं. विकायला कुणी नसतं. इथल्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. काकू मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "किती भाबडं गं हे."

हा शब्द काकूंच्या तोंडात सुपारीसारखा असतो. कुलूप न लावलेली सायकल भाबडी. दुकानाबाहेर ठेवलेली छत्री भाबडी. कुरिअरवाला दारात सोडून गेला ते पार्सल भाबडं. तोफू म्हणजे भाबडं पनीर. सुनेच्या वरणात मीठ कमी पडलं तर वरण भाबडं, आणि नात इरा जपानीत उत्तर देऊन पळाली की तीही भाबडी, "आजीला कळलं असं समजते बिचारी." मी समोरच्या दारात राहते, विद्यापीठात मातीवर संशोधन करते आणि घरमालक सांगेल ते मुकाट ऐकते, त्यामुळे मी पहिल्याच भेटीत या यादीत जाऊन बसले.

काकू सांगलीकडच्या. जकात नाक्यावर कारकुनी करण्यात त्यांची उभी हयात गेली. ट्रकवाला म्हणाला, "बाई, आत नुसता कडबा आहे," की त्या कडब्यात कोपरापर्यंत हात घालून बघायच्या. अशी बाई राखणदाराविना पडलेले मुळे पाहून स्वस्थ कशी बसणार?

सकाळी दहाला साडी, त्यावर मुलाचं जाकीट, डोक्यावर माकडटोपी आणि काखेत गॅलरीतली घडीची खुर्ची असा सरंजाम निघायचा. गिऱ्हाईक आलं की काकू खाकरायच्या. नाणं वाजलं की "आरिगातो" म्हणून आभाराची मान लववायच्या. समोरचा माणूस कमरेत वाकायचा, मग काकू पुन्हा, मग तो पुन्हा. एकदा एका गृहस्थांनी नाणं टाकलं, पण ते वाजलं नाही. काकूंनी त्यांना डबा हलवून दाखवायला लावला. त्यांनी दाखवला, वर माफीही मागितली.

मुलगा समीर रोज वैतागायचा.

"आई, इथे असं कुणी बसत नाही."

"म्हणूनच मी बसते."

"लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील ते जपानीत म्हणतील. मला कुठे कळतंय?"

खरं सांगायचं तर मला काकूंचा रागच यायला लागला होता. मांडणीवरचे मुळे आता दुपारपर्यंत तसेच पडून राहायचे. लोक वळण आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जायचे.

मग एके दिवशी मांडणीवर चिठ्ठी लागली. सुंदर अक्षरात लिहिलं होतं की थंडी वाढली आहे, बाईसाहेबांच्या तब्येतीची फार काळजी वाटते. कृपा करून उठा, असा त्याचा अर्थ इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी काकूंना शब्दशः वाचून दाखवलं. त्या विरघळल्या. "बघ, किती भाबडा माणूस. चोरांची नाही, माझी काळजी करतोय." दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर घोंगडी आली.

शेवटी एन्दोसान स्वतः आले. ऐंशीच्या घरातला वाळका माणूस, पायात मातीचे गमबूट. टोपी काढून ते काकूंपुढे उभे राहिले आणि मला मध्ये उभं केलं. मनात म्हटलं, आता बरी सापडले.

"ह्यांना सांग," काकूंनी आधीच तोंड उघडलं, "तुम्ही भाबडे आहात. माणसाची जात तुम्हाला माहीत नाही. मी आहे म्हणून एक पान जात नाही इथून."

मी जमेल तेवढं मऊ करून सांगितलं. एन्दोसान म्हणाले, "खरंय. एक पानही जात नाही. त्याचंच वाईट वाटतं."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. दोन वर्षांपासून कुणीतरी नाणं न टाकता भाजी नेतं. आठवड्यातून दोनदा, थोडीशीच. त्यांच्या लक्षात आल्यापासून ते खालच्या फळीवर एक जुडी जास्त ठेवतात. काकू बसायला लागल्यापासून ती जुडी तशीच सुकते आहे.

"कोण आहे तो?" काकूंनी विचारलं.

"मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं नाही, म्हणून तर मी इथे थांबत नाही."

मी हे मराठीत सांगितलं. काकूंनी घोंगडीची घडी घातली, उलगडली, परत घातली. एन्दोसान वाकून निघून गेले तरी त्या उठल्या नाहीत.

घरी परतताना वाटेत त्या एकदम म्हणाल्या, "नाक्यावरून माझ्या हातून एक ट्रक सुटला नाही. आणि घरात सख्खा दीर म्हणाला, 'वहिनी, इथे फक्त सही,' तर केली. राहतं घर गेलं. हे गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सगळा गाव म्हणाला, कुमुद भाबडीच. घराचं जाऊ दे गं. पण त्यानंतर मी कुणाला साधा चहासुद्धा सरळ मनानं दिला नाही. दमले आता."

मी खुर्ची माझ्याकडे घेतली.

"पण ही खुर्ची मी सोडायची नाही," त्या लगेच म्हणाल्या. "समीरला सांगून ठेव. तुम्ही सगळे आठला बाहेर पडता, घरात मी आणि तो बोलणारा राइस कुकर. तिथे बसले की दिवसाला आठ माणसं मला नमस्कार करतात."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दहाला सरंजाम निघाला तेव्हा समीरनं दारातच कपाळाला हात लावला. काकूंनी खुर्ची नेहमीच्याच जागी मांडली, फक्त उलटी. तोंड रस्त्याकडे, पाठ मुळ्यांकडे. खाकरणं बंद. पुढून जाणाऱ्याला मान लववायची, मागे काय चाललंय ते बघायचं नाही. लोक पहिल्या दिवशी बिचकले, नंतर पुन्हा भाजी घेऊ लागले.

एका शनिवारी मी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवी बसले. काकू सुनेच्या वरणाबद्दल सांगत होत्या. तेवढ्यात मागे पावलं वाजली, थबकत थबकत आलेली. खालच्या फळीवर पाला सळसळला. मी डब्याच्या आवाजाची वाट पाहत राहिले. आवाज आला नाही.

माझी मान आपोआप वळू लागली, तोच काकूंनी माझं मनगट धरलं. कडबा चाचपलेल्या त्या हाताला अजून चांगली ताकद आहे. पावलं शेताच्या बाजूला लांब जाईपर्यंत त्यांनी पकड सोडली नाही.

"पुढे बघ," त्या हळूच म्हणाल्या. "बस आली बघ."

बस यायला अजून दहा मिनिटं होती. आम्ही दोघी रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिलो.