डॉक्टरांचा लाल दोरा

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. डॉक्टर खोडक्यांच्या ज्या सवयीला सारं यवतमाळ हसलं, ती त्यांना माझ्यामुळे लागली. आणि हसणाऱ्यांत मीही होतो.

सवय अशी. पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आडवा झाला, की हाडांचा हा नामांकित सर्जन त्याला विचारायचा, "कोणता पाय, भाऊ?" पेशंट सांगायचा. "हात लावून दाखव." तो दाखवायचा. मग नर्ससमोर पुन्हा, एक्स-रेवाला म्हणून माझ्यासमोर पुन्हा. एवढं झालं की डॉक्टर स्वतः त्या पायाला लाल दोरा बांधायचे. एका म्हातारीनं तर कपाळावर हात मारला. "काहून रे बाबू, इतका शिकला अन् डावं-उजवं कयत नाही तुले?"

"नाही कळत, आजी. तुम्हीच शिकवा," म्हणत त्यांनी दोऱ्याची गाठ मारली.

माणूस मात्र अफाट. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, चाल राहायची. सख्ख्या साडूला त्यांनी बाजारात ओळखलं नाही, पण पन्नास पावलांवरून टोपलं घेऊन चाललेल्या बाईला हाक मारली, "ओ खुबा! बरा आहे ना आता?" लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला की यांची नजर घोट्यावर. अक्षता टाकता टाकता म्हणायचे, "टाच उचलून चालतो. सोमवारी पाठवा."

आर्णी-महागावकडची माणसं बैलगाडीत कडबा अंथरून मोडकी हाडं घेऊन यायची आणि आपल्या पायांनी परत जायची. एक्स-रे मी काढायचो. माझी फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणायचे, "माणूस लपवतो, वामन. हाड लपवत नाही." माझी छाती दोन इंच फुगायची.

लाल दोरा येण्याआधी एकदा किसन पोस्टमन आला. टपालाची पिशवी घेऊन रोज गावोगाव पायी हिंडणारा. गुडघ्यात हाडाचा तुकडा सुटला होता. मधूनच गुडघा अडकायचा, एरवी दोन्ही सारखेच दिसायचे. डावं-उजवं कळावं म्हणून फिल्मच्या कडेला शिशाचं अक्षर ठेवतात. त्या दिवशी गर्दी होती. मी दुखऱ्या डाव्या गुडघ्याशी उजव्याचं अक्षर ठेवलं.

डॉक्टरांनी चांगला गुडघा उघडला. आत काहीच नव्हतं. त्यांनी फिल्मकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टाके घातले आणि दुसरा उघडला.

किसन शुद्धीवर आला तो दोन्ही पायांना पट्ट्या. "एका दुखण्याले दोन पट्ट्या? साहेब, जोडी जमवून राह्यले का?"

"चूक झाली, किसन. मी फिल्म उलटी टांगली."

दवाखान्याच्या चौकशी समितीपुढेही त्यांनी तेच सांगितलं. माझी नोकरी तेव्हा हंगामी होती, घरात पाळणा हलत होता. मी दाराशी उभा राहून सगळं ऐकलं आणि गप्प बसलो. किसन तीन महिन्यांनी पुन्हा टपाल वाटू लागला. डॉक्टरांची 'उलटी फिल्म' मात्र गावभर फिरली, आणि दवाखान्यात लाल दोरा आला.

गेल्या साली डॉक्टर मुलीकडे नागपूरला कायमचे निघाले. टेबलाचा कुलपातला खण रिकामा करताना एक लिफाफा त्यांनी माझ्या हातात दिला. आत ती फिल्म. माझं चुकीचं अक्षर त्यावर लख्ख.

"दुसऱ्या कुणी पाहिली असती तर तू गेला असतास. मग इतक्या स्वच्छ फिल्म मला कुणी काढून दिल्या असत्या?" मग माझ्या खांद्यावर बोट ठेवून म्हणाले, "त्या दिवसापासून हा खांदा पाडून चालतोस. सरळ कधी होतो, पाहत होतो."

मी त्यांची ट्रंक मोटारीवर चढवली.

किसन अजून टपाल वाटतो. भेटला की उलट्या फिल्मची गोष्ट हसत हसत सांगतो, आणि मी ऐकतो. अक्षर मी चुकवलं, एवढं त्याला चारचौघांत सांगायचं देणं माझ्यावर अजून आहे.