चष्म्यांची उत्तरपूजा

वरवे बुद्रुकचे नाना लग्नाला गेले की मंगलाष्टके सुरू होताच खिशातून एक पारदर्शक चष्मा काढतात आणि डोळ्यांवर चढवतात. अक्षतांचा शेवटचा वर्षाव ओसरला की तो पुन्हा खिशात जातो. एकदा न राहवून मी कारण विचारले. "तांदूळ झाला तरी खडाच न्हवं का, गुरुजी? काच आदी, अक्षता मागनं," ते म्हणाले.

नानांची लोखंडी दारे-खिडक्या घडवण्याची शेड आहे. लोखंड कापताना उडणारे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून तेथील प्रत्येक कामगाराने चष्मा घातलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. 'काच आदी, काम मागनं' हे त्यांचे ब्रीद. ते शेडपुरते राहते तर प्रश्न नव्हता. परंतु नारळ फोडणाऱ्याला, मिरचीची फोडणी देणाऱ्या सुनेला, इतकेच नव्हे तर होमाला बसलेल्या मलाही त्यांनी चष्मा देऊ केला. आचार्याने असा चष्मा धारण करून आहुती द्याव्यात किंवा कसे, याचा मी घरी येऊन ग्रंथांत पुष्कळ शोध घेतला. ना विधी सापडला, ना निषेध. पुढच्या होमाला अखेर घातला. डोळे चुरचुरले नाहीत, एवढे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दर खंडेनवमीला नानांच्या हत्यारांची पूजा सांगण्यासाठी मी भोरहून जातो. यंदा त्यांनी ग्रायंडर आणि ड्रिलच्याही वर, पाटावर, कामगारांचे चष्मे मांडले होते. मी यथासांग पूजा केली. दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा करून देवतेला निरोप देऊ लागलो, तोच नानांनी माझा हात धरला.

"बाकी हत्यारांची करा, गुरुजी. चष्म्यातला देव ऱ्हाऊ द्या."

मी गोंधळलो. आवाहन केलेल्या देवतेला निरोप न देणे शास्त्रात बसेना, आणि यजमानाच्या डोळ्यांतली विनवणी मोडवेना. मी अक्षता खाली ठेवल्या.

दुसऱ्याच दिवशी नानांचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता या. घोळ झालाय."

जाऊन पाहतो तो सर्व चष्मे देवाच्या तसबिरीभोवती झेंडूच्या माळेसह टांगलेले. कामगार हात जोडून बसलेले, आणि नाना मेन स्विच बंद करून त्यावर पंजा ठेवून उभे.

जुना कामगार मारुती पुढे झाला. "गुरुजी, तुमीच न्याय करा. देव बसलाय त्येच्यात. हुंगल्यालं फूल आपन देवाला वाहात न्हाई. मग देवालाच नाकावर घिऊन दिसभर शिंकायचं व्हय?"

"आन् ह्यो मारत्या तर तपकिरीचं शिंकतोय!" मागून कोणीतरी म्हणाले.

"नवं आनून देतो की, मारत्या," नाना कळवळून म्हणाले.

"देवाम्होरं दुसरा चष्मा लावायचा? त्येला काय वाटंल? आज तसंच करतो काम. देव बघंल की."

"देव बघंल रं! पन तुला उद्या दिसंल का?"

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मारुतीचे खोटे नव्हते, नानांचेही नव्हते, आणि आयुष्यभर घोकलेले एकही वचन मदतीला येईना. शेवटी म्हणालो, "नाना, निरोप द्यावा लागेल."

नानांचा चेहरा उतरला. "मग राखन कोन करनार?"

"चष्मा करील," मी म्हणालो. माझे मलाच ते नीटसे पटले नव्हते.

नानांनी अक्षता हातात घेतल्या. त्या वाहताना त्यांना स्वतःचा चष्मा घालण्याचेही भान राहिले नाही. विधी आटोपला. कामगारांनी नळावर काचांवरचे कुंकू धुतले आणि एकेकाने चष्मे चढवले. नानांनी स्विच सुरू केला.

मला एसटीच्या थांब्यापर्यंत पोचवायला ते आले. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आमचा बा खानीत दगड फोडायचा. मी रांगत हुतो तवाच त्येच्या डोळ्यात कपची उडाली. एक गेला, मागनं दुसरा बी. मला मिशी फुटली तवा त्यानं माज्या वटावरनं बोट फिरवून वळखलं. म्हनला, 'नाम्या, मोटा झालास की.'"

मी चालता चालता थांबलो.

"ह्या समद्यांच्या घरी लेकरं हायती, गुरुजी. त्येंनी कशापायी हातानं बघायची?"

मागे शेडमध्ये ग्रायंडर करकरला. नानांनी चमकून मान वळवली. आशीर्वादासाठी उचललेला माझा हात तसाच राहिला, आणि नाना "काच आदी!" ओरडत, धोतराचा सोगा सावरत शेडकडे धावत सुटले.