मूळचे कुठले?

बनकर सरांचं हर्नियाचं ऑपरेशन बारामतीतच झालं. टेबलावर आडवं केल्यावर भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई मराठीत दोन वाक्यं बोलल्या आणि सरांचे कान टवकारले. "मॅडम, मूळच्या कुठल्या तुमी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत त्यांची शुद्ध गेली. दोन तासांनी डोळे उघडले. उशाशी त्यांची बायको, आमच्या काकू, काळजीनं वाकून उभ्या होत्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "मग? कुठल्या म्हणालात?"

डॉक्टरीणबाई केरळच्या निघाल्या. सरांनी टाके काढायच्या दिवशी त्यांची दीड तास मुलाखत घेतली. बाहेर पेशंट खोळंबले होते.

त्यांना "कसं काय, बरं आहे ना?" विचारणं कधी जमलंच नाही. रिक्षावाला असो, बँकेतला नवा अधिकारी असो, "मूळचे कुठले?" हाच त्यांचा नमस्कार. मंडईत पेरूवाल्यालाही विचारत आणि तो पेरूंबद्दल विचारतायत असं समजून "इंदापूरचे, सायेब" म्हणायचा. "ते दिसतंय रे. तू कुठला?"

मी यवतमाळची. त्यांच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले त्या पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी चहा पुढे केला. गडबडीत माझ्या तोंडून निघालं, "मले नको." कोपऱ्यातला पेपर खाली आला. पेपरमागून जाड चष्मा, पांढऱ्या मिशा आणि विलक्षण आनंदी चेहरा बाहेर आला.

"मले! वऱ्हाड! अमरावती का यवतमाळ?"

पाचव्या मिनिटाला माझ्या हातात सतरा प्रश्नांचा फॉर्म होता. त्यातला एक प्रश्न असा, 'शेजारच्यांनी आजवर तुमच्याकडे काही मागितलं आहे का?' मी म्हटलं, सर, मी काल संध्याकाळी आलेय. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, "अजून न्हाय."

पुढे दर सोमवारी जिन्यात गाठून विचारायचे, "मॅडम, मागितलं का काय?" पाच महिने मी नाही म्हणत राहिले. मला शेजाऱ्यांचा राग यायला लागला, मग स्वतःचा. शेवटी एका सकाळी शेजारच्या वहिनी वाटी घेऊन आल्या, "जरा विरजण हाय का हो?" मी कॉलेजात जाऊन सांगितलं. सर तडक बाहेर पडले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. "मॅडम आजपासून हितल्या," असं जाहीर करत त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. कुणाला काही कळलं नाही. पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

हा त्यांचा सिद्धांत होता. माणसं एका मुलखातून उठून दुसऱ्या मुलखात का जातात, सरकारं त्यांच्यासाठी काय धोरणं करतात, निर्वासित नव्या जागी सामावतात कसे, या अभ्यासात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. वर्गात ते म्हणायचे, "सामावला म्हणजे काय? सरकार म्हणतं, कागद दाखवा. मी म्हणतो, विरजण. आपण मागायला गेलो तर ती आपली गरज झाली. शेजारी आपल्याकडं मागायला आला, की समजायचं आपण त्याच्या ध्यानात हाय."

हाच सिद्धांत घेऊन ते जर्मनीतल्या एका विद्यापीठात तीन वर्षं राहून आले. तिथल्या प्राध्यापकांनी गंभीर चेहऱ्यानं 'विरजण' हा शब्द वहीत उतरवून घेतला, हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही. तिथली त्यांची आवडती आठवण मात्र एका अफगाण भटारखान्याची. युद्धातून जीव वाचवून आलेला म्हातारा तिथं रोट्या भाजायचा. सरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, मूळचे कुठले? म्हाताऱ्यानं आपलं गाव सांगितलं आणि उलट विचारलं, तू?

"मी म्हणालो, पळसदेव. तो म्हणाला, कुठं आलं ते? मी म्हणालो, पाण्याखाली."

ते खरंच होतं. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा सर शाळकरी होते. जुनं पळसदेव बुडालं आणि गाव वर सरकलं. म्हाताऱ्यानं ते दोनदा समजावून घेतलं आणि तीन वर्षं सरांकडून रोटीचे पैसे घेतले नाहीत. "त्याला वाटलं, ह्याच्यापेक्षा आपलं बरं. आपलं गाव निदान जाग्यावर तरी हाय!"

निवृत्तीच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. आजार महिनाभराचाच. आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्यापासून तिसरं, त्यामुळे मी येताजाता डोकावायची. सर फॉर्म चाळत बसलेले असायचे. बोलणं कमी झालं होतं. तेवढ्यात लोणी देवकरचं प्रकरण उपटलं.

लोणीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारं एक ओडिया जोडपं सरांना पाहणीत भेटलं होतं, प्रफुल्ल आणि सबिता. खोली मिळत नव्हती म्हणून दोघं एका शेडच्या आडोशाला राहत होती. जवळच हणमंततात्यांच्या चार खोल्या रिकाम्या पडलेल्या, दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी. सर मला स्कूटरवर मागे बसवून तात्यांकडे घेऊन गेले.

"परका मानूस हाय मास्तर. आमी वळखत न्हाय, पाळखत न्हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, तुमी मूळचे कुठले?"

"हितलाच की! सात पिढ्या."

सर फॉर्म काढू लागले तेव्हाच मी त्यांचा सदरा मागून ओढला. ते ऐकतात कुठले! पाऊण तासात त्यांनी तात्यांच्या तोंडूनच काढून घेतलं, की तात्यांचे आजोबा दुष्काळात मेंढरं घेऊन माण तालुक्यातून आले आणि इथल्या एका माळ्यानं त्यांना वस्तीवर जागा दिली. सर विजयानं म्हणाले, "म्हंजे तुमी बी बाहेरचेच!"

तात्या उठून उभे राहिले. "माझ्या आज्याला परका म्हणतोस व्हय रं! ऊठ. ऊठ हितनं."

परतताना भिगवणच्या अलीकडे सर म्हणाले, "मुद्दा बरोबर होता, मॅडम. जागा चुकली."

पुढच्या आठवड्यात ते एकटेच गेले, तात्यांची माफी मागितली आणि स्वतःसाठी खोली मागितली. पुस्तक लिहायचंय, शांतता हवी. प्रोफेसर माणसाला नाही कसं म्हणणार? तात्यांनी किल्ली दिली. चौथ्या दिवशी त्या खोलीत प्रफुल्ल आणि सबिता राहायला आली.

तात्या थेट बारामतीला सरांच्या दारात. मी आवाज ऐकून धावले.

"ही फसवणूक हाय, मास्तर!"

"अजाबात न्हाय. भाडेकरू मीच. ते माझे पाव्हणे हाईत."

"पाव्हणे हाईत, मग तुमी कुठं हाय?"

म्हणून सर दर शनिवारी लोणीला मुक्कामाला जाऊ लागले. खोलीला पुढे पडवी होती. तिथं सतरंजी टाकून पडायचे. सकाळी सबिताच्या हातचा पाण्यात भिजवलेला भात खायचे आणि रविवारी दुपारी परत. साठीतला माणूस, पाठ धरलेली, पण चेहरा कसा टवटवीत!

वर्षभरानं तो तंटा मिटला, आणि त्यात सरांच्या विद्वत्तेचा काडीचा भाग नव्हता. तात्यांची बायको, अनसूयाकाकी, दुपारची सबिताच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागली आणि सुनेबद्दल बोलायला लागली. घडाघडा, तासन्‌तास. तात्या चिडले, "ती ओडिया बाई, तिला काय कळतंय?"

"कळत न्हाय म्हणून तर सांगते," काकी म्हणाली. "गावात कुणाला सांगू? संध्याकाळपर्यंत सुनेच्या कानावर जातंय."

सबिता मान हलवायची, शेंगा फोडायची. त्या शेंगा फोडता फोडता ती मराठी शिकली. एक दिवस काकी भाजीला मीठ जास्त पडल्याचं गाऱ्हाणं सांगत होती, तर सबिता शांतपणे म्हणाली, "काकी, ती पोटुशी हाय. तिला चव लागंना झालीया." काकीला आधी धक्का बसला, मग लाज वाटली, मग दोघी हसत सुटल्या. सूनही त्या उंबऱ्यावर येऊन बसू लागली.

तात्यांनी सरांना बोलावून घेतलं. "मास्तर, तुमी आता खोली सोडा. मी त्यांच्याच नावानं देतो. तुमची पाठ बी दुखती."

सरांनी किल्ली दिली. हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी काम, असं मी त्यांना म्हणाले. त्यांनी मान डोलावली. पण पुढच्या शनिवारी दुपारी पिशवी भरून, चपला घालून ते फाटकाशी उभे होते. मला बघून म्हणाले, "विसरलोच," आणि पुन्हा आत गेले. तेव्हा मला उमगलं, की गरज एकट्या त्या जोडप्याला नव्हती.

गेल्या हिवाळ्यात केतकी आली. सरांची एकुलती एक मुलगी. शिकायला म्हणून जर्मनीला गेली ती तिथंच नोकरीला लागली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं. काकू गेल्यावर पहिल्यांदाच ती पंधरा दिवसांसाठी येत होती. सरांनी घर रंगवलं. काटेवाडीच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून हुरडा आणला. बापलेकींचं दिवसभर हसणं-भांडणं गल्लीत ऐकू यायचं.

निघायच्या दिवशी सकाळी नऊला गाडी दारात आली. मी निरोपाला गेले होते. सामानाच्या वजनात बसेना म्हणून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा मागे राहिला. केतकीनं सरांना मिठी मारली, डोळे पुसले आणि गाडीची काच खाली करून म्हणाली, "बाबा, काळजी करू नका हं. घरी पोचले की फोन करते."

गाडी वळली. सर हात वर करून तसेच उभे राहिले. मग फाटक न लावताच ओट्यावर बसले.

"ऐकलंत, मॅडम?"

"काय?"

"घरी म्हणाली. घरी पोचले की." त्यांनी चष्मा काढला. "गाव सोडल्यावर लोकाला पहिल्या वर्षी विचारलं तर घर म्हंजे मागचं. दहा-दहा वर्षं जात्यात हा शब्द तिकडं जायला. कितीक जणांचा जातच न्हाय, मरंपर्यंत. पोरगी चांगली रुजली. ह्याच्यासाठीच तर आमी सगळं लिहितो." थोडं थांबून म्हणाले, "हितं ती पंधरा दिवस पाव्हणी होती, मॅडम. मी घर रंगवलं की हो, पाव्हण्यासारखं."

यवतमाळहून परत निघताना मीही आईला काय म्हणून येते, ते आठवत राहिले. आत जाऊन चहा केला. त्यांनी तो थंड करून प्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी द्यायला गेले, तर ते फोन समोर ठेवून बसले होते. केस नीट विंचरलेले, अंगात इस्त्रीचा सदरा. फोन वाजला. पलीकडच्या केतकीला बोलूही न देता, मोठ्या, खणखणीत आवाजात त्यांनी विचारलं, "पोचलीस का घरी?"

पलीकडून ती काहीतरी बोलली असावी. सर "हां... हां..." करत होते. थंडी किती आहे ते विचारलं. जावयाला आशीर्वाद सांगितला. फोन ठेवला आणि माझ्या हातातली भाजीची पिशवी घेत म्हणाले, "व्हय. पोचली."