शेपूट नसलेले शर्ट

टर्की पक्ष्याला वास कळत नाही. रंग मात्र माणसापेक्षा जास्त कळतात.

रेनेल स्टकी झोपताना नवऱ्याचे जुने शर्ट घालते. ते सगळे मागून आखूड आहेत.

मिसूरीच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांत ओकला पालवी कधी फुटणार हे सांगण्याचा अधिकार टीव्हीवरच्या बाईला आहे, चर्चच्या पास्टरला आहे, न्हाव्यालाही आहे. ओकला कोणी विचारत नाही.

हॉलिस क्रचर घरात बोलत नाही. हॅम कापताना तर अजिबातच नाही.

लाल, पांढरा आणि निळा हे अमेरिकेच्या झेंड्याचे रंग घालून तिथल्या रानात शिरू नये. नर टर्कीचं डोकं नेमकं याच तीन रंगांचं असतं, आणि झुडपाआड बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला देशभक्त आणि टर्की यांतला फरक वेळेवर कळेलच असं नाही.

या सगळ्या गोष्टी डोक्यात कालवून व्हर्लिन स्टकी शिकारी सामानाच्या दुकानात उभा होता. व्हर्लिन विमा विकायचा. हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि पिशवीत सासऱ्याच्या रानातला पालापाचोळा, ओकच्या सालीचा तुकडा आणि मूठभर माती. पडद्याला जुळणारं कापड शोधायला निघालेली बाई जशी जुन्या पडद्याचा तुकडा घेऊन हिंडते, तसा तो रानाचा तुकडा घेऊन हिंडत होता.

कारण असं की व्हर्लिनने आजवर सासऱ्याच्या रानात एकही टर्की मारलेला नव्हता. झाडल्या त्या सगळ्या गोळ्या रानाला लागल्या होत्या. तिथे रिवाज आहे: ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं शेपूट, म्हणजे पँटीत खोचायचा मागचा भाग, चाकूने कापायचं आणि भिंतीवर खिळ्याने ठोकायचं. सासऱ्याच्या, म्हणजे हॉलिसच्या, शेडच्या भिंतीवर अशी नऊ शेपटं होती. नऊच्या नऊ व्हर्लिनची. हॉलिसचं एकही नव्हतं, कारण हॉलिसचा नेम चुकत नाही हे त्या भागात सूर्य पूर्वेला उगवतो इतक्या सहज मानलं जाई.

ईस्टरच्या जेवणात हॉलिसने काटा खाली ठेवला आणि वर्षातलं आपलं सर्वांत लांब वाक्य उच्चारलं. "शनिवारी तू माझ्याबरोबर बस, पण या वेळीही तेच झालं, तर पुढल्या वर्षीपासून मी ड्वेनला नेणार."

ड्वेन हा धाकट्या मुलीचा नवरा. दाताचा डॉक्टर. त्याने आजवर चार टर्की मारले होते आणि अकरांची हकीकत सांगितली होती.

व्हर्लिनला टर्कीचं फारसं पडलेलं नव्हतं. पण वर्षातून त्या एकाच सकाळी, ओकच्या बुंध्याशी बसल्यावर, हॉलिस थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून आधी त्याच्यापुढे धरायचा, आणि मग काहीबाही बोलायचा. ओढ्याविषयी, मेलेल्या भावाविषयी, गुडघ्याविषयी. ती जागा ड्वेनला द्यायला व्हर्लिन तयार नव्हता. आणि नेम चुकण्याचं खापर नेमावर फोडण्याइतका तो अविचारी नव्हता. दोष कपड्यांचा होता.

"काय हवंय?" शर्टांच्या मांडणीतून आवाज आला. पाहिलं तर मांडणीतले दोन शर्ट दुकानदार फॅरेलच्या अंगात होते.

"टर्कीसाठी कपडे."

"टर्की होऊन बसणार, की झाड होऊन?"

"झाड."

"कुठलं?"

व्हर्लिनने पिशवी काउंटरवर उपडी केली. फॅरेलने साल नाकाशी नेली, उगाच. "ओक. उत्तरेचा उतार. आता सांगा, शनिवारी तुमचं रान तपकिरी असणार की हिरवं? पानापाचोळ्याचा हा छाप बघा, 'थंडी सरताना'. हा 'पालवी फुटताना'. आणि हा 'पालवी फुटून गेल्यावर'. चुकीच्या आठवड्याचा शर्ट घालून गेलात तर टर्कीला लगेच कळतं."

"कळतं म्हणजे काय करतो?"

"काय करणार? हसतो."

व्हर्लिनने बायकोला फोन लावला. "रेनेल, तुझ्या बाबांच्या रानात पालवी फुटलीय का गं?"

"मी कांदा चिरतेय, व्हर्लिन."

"अगं, महत्त्वाचं आहे."

"बाबा तीस वर्षं तेच विटकं जॅकेट घालून जातात."

"त्यांची गोष्ट वेगळी आहे."

"आहेच. ते नेम धरतात."

न्हावी म्हणाला होता थंडी टिकणार. व्हर्लिनने न्हाव्यावर भरवसा ठेवून 'थंडी सरताना' घेतलं: शर्ट, पँट, हातमोजे, तोंडावरची जाळी आणि मोजे. मोज्यांवरही पाचोळा छापलेला होता, न जाणो टर्कीने बूट काढायला लावले तर. बंदुकीला गुंडाळायची त्याच छापाची पट्टीही घेतली.

"आतले कपडेसुद्धा आहेत यात," फॅरेल म्हणाला.

"ते कोणाला दिसणारेत?"

"तेच तर. कोणालाच दिसणार नाहीत."

व्हर्लिनने तेही घेतले.

घरी रेनेलने प्रेमाने ते सगळं धुतलं. चमक आणणाऱ्या साबणाने. व्हर्लिनने डब्यावरचं लेबल वाचलं आणि खुर्चीत बसला.

"संपलं सगळं! ही चमक आपल्याला दिसत नाही, पण टर्कीला दिसते. मी आता त्याला नाताळच्या झाडासारखा दिसणार."

"मग झाडच व्हायचं होतं ना तुला?"

त्याने ते सगळं खाण्याच्या सोड्यात पुन्हा धुतलं आणि घरामागे जिथून झाडं सुरू होतात तिथे फांद्यांवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी रेनेल परसात आली तर नवरा झाडांसमोर कमरेवर हात ठेवून उभा.

"काय झालं?"

"पँट सापडत नाहीये."

"कुठे टाकली होतीस?"

"इथेच. समोर."

रेनेल सरळ चालत गेली आणि पँट तिच्या तोंडावर आपटली. "इतके चांगले कपडे!" व्हर्लिन भारावून म्हणाला. आपण विमा विकण्यात आयुष्य घालवलं, याचा त्याला क्षणभर पश्चात्तापही झाला.

आणि मग न्हाव्याने घात केला. बुधवारी ऊन तापलं, गुरुवारी सगळी झुडपं हिरवी. व्हर्लिन पुन्हा दुकानात.

"मी म्हटलंच होतं," कधीच म्हटलेलं नसताना फॅरेल म्हणाला, आणि 'पालवी फुटून गेल्यावर'चं जॅकेट, टोपी, नवी जाळी बांधून दिली. व्हर्लिनने बारकाईने विचार केला. जमिनीवर पाचोळा तपकिरीच असणार, पाठीमागचं झुडूप हिरवं. म्हणून कमरेखाली आणि आत एप्रिलची सुरुवात, वरून मेचा मध्य. एका माणसाच्या अंगावर सहा आठवडे.

शनिवारी उजाडायच्या आत हॉलिसचा ट्रक दाराशी लागला. त्याने दिव्यांच्या उजेडात जावयाला पायापासून टोपीपर्यंत पाहिलं.

"हे काय?"

"छाप."

"बरं," हॉलिस म्हणाला. यापेक्षा शिवी परवडली असती.

ओकच्या बुंध्याशी दोघं टेकले. फटफटलं. ओढ्याकडून टर्कीची पहिली गर्जना आली, आणि हॉलिसने खिसे चाचपले. मादीचा आवाज काढायची लाकडी पेटी ट्रकमध्येच राहिली होती.

"आणतो," तो कुजबुजला. "जावईबापू, एक ऐक. हलू नकोस. काहीही झालं तरी हलू नकोस, बोलू नकोस. मागच्या वर्षी तू मान वळवलीस आणि टर्की थेट शेजारच्या जिल्ह्यात गेला."

व्हर्लिन हलला नाही. म्हणजे फक्त एकदाच हलला. मागचं झुडूप पाठीशी नीट घ्यावं म्हणून त्याने बंदूक बाजूला पाचोळ्यावर ठेवली, अंग चोरून झुडपात सरकला आणि बंदूक उचलायला हात पुढे केला.

बंदूक नव्हती.

असायला होती. तिथेच होती. पण त्या पट्टीवरचा पाचोळा आणि खालचा पाचोळा यांचं इतकं जमून गेलं होतं की व्हर्लिन बोटांनी जमीन चाचपतोय, पानंच हाती येतायत, आणि एवढ्यात समोरच्या आडव्या ओंडक्यावर टर्की चढला.

शेपटीचा पंखा पसरलेला, छातीवर लोंबणारी पिसांची दाढी, डोकं साक्षात ध्वजासारखं. हात लांब केला असता तर गळाभेट झाली असती. व्हर्लिनचा हात मात्र पाचोळ्यात होता. तो थिजला.

तेवढ्यात हॉलिस परतला. त्याला ओक दिसला, झुडूप दिसलं. जावई दिसेना. टर्की ओंडक्यापलीकडे उतरला होता, तोही त्याला दिसला नाही.

"व्हर्लिन," तो कुजबुजला. "ए व्हर्लिन. अरे मेल्या."

व्हर्लिनला बोलायचं होतं. पण हुकूम स्पष्ट होता.

"गेला वाटतं. थंडी वाजली असेल विमेवाल्याला." हॉलिस ओकच्या दुसऱ्या अंगाला, ओढ्याकडे तोंड करून बसला. थर्मास उघडला, झाकणात कॉफी ओतली, आणि सवयीने डावीकडे धरली. तिथे कोणी नव्हतं. काही वेळ ते झाकण तसंच धरलेलं राहिलं. मग त्याने ती कॉफी स्वतः प्यायली. "ड्वेनला आणलं असतं," तो पेटीला म्हणाला, "तर निदान त्या बडबडीने टर्की मेले असते."

त्याने पेटी घासली. टर्की मोहरला, वळला, ओंडक्याला वळसा घालून ओढ्याच्या बाजूला, थेट हॉलिसच्या समोर, मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला. आंधळ्यानेही मारावा असा.

हॉलिसने गोळी झाडली.

ओढ्याकाठच्या एका रोपट्याचा शेंडा उडाला. टर्की पळालासुद्धा नाही. त्याने पंखा मिटला, इकडेतिकडे पाहिलं आणि कामाला निघालेल्या माणसासारखा चालत झाडीत गेला.

हॉलिसने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग बंदुकीतलं रिकामं काडतूस काढलं, बुटाच्या टाचेने खड्डा केला, काडतूस त्यात टाकलं, वर पाचोळा लोटला, पाय आपटून दाबला आणि आभाळाकडे बघत शीळ घातली. चर्चमध्ये असतो तितका निष्पाप चेहरा.

व्हर्लिन झुडपात विचार करत होता. इथे गप्प बसलो, तर म्हातारा निघून जाईल आणि कोणालाच काही कळणार नाही. मग म्हाताऱ्याचा शर्ट शाबूत, जागा मात्र ड्वेनची. आणि बोललो तर? त्याने हा विचार इतका वेळ केला की त्याचा डावा पाय बधिर झाला, तो आडवा झाला आणि सावरायला टाकलेला हात नेमका बंदुकीवर पडला.

झुडूप उन्मळून अंगावर येतंय असं पाहून हॉलिसच्या तोंडून जो आवाज निघाला, तो कुठल्याही पेटीतून निघणारा नव्हता.

"तू! कधीपासून आहेस इथे?"

"तुम्ही हलू नको म्हणालात तेव्हापासून."

"म्हणजे..."

"हो."

"काडतूस पण?"

"शीळ पण."

हॉलिस बुंध्याला टेकला. "डोळ्यावर मोतीबिंदूचा पडदा आलाय," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणतो ऑपरेशन. कोणाला सांगितलं नाही." मग खिशातून चाकू काढला, मुठीची बाजू जावयाकडे केली, पाठ वळवली आणि जॅकेट वर धरलं. "काप. नियम तो नियम."

चौकड्यांचा जुना मऊ शर्ट. व्हर्लिनने त्याचं शेपूट चिमटीत धरलं. नऊ वर्षं ज्या क्षणाची स्वप्नं पाहिली तो हाच. समोर हॉलिसची मान खाली झुकली होती आणि मानेवर टाचणीच्या डोक्याएवढी गोचीड चढत होती.

त्याने गोचीड काढली.

"उद्या ड्वेन जेवायला येतोय," तो म्हणाला. "माझंच कापा."

"तू तर बार काढलाच नाहीस."

"बार एकच झाला. कोणाचा झाला, हे टर्की चव्हाट्यावर सांगत फिरणार आहे का?"

हॉलिसने विचार केला. नियमात हे बसत नव्हतं, पण नियम बनवताना कोणी पडद्याचा विचार केलेला नव्हता.

"आणि पुढल्या वर्षी?" व्हर्लिनने विचारलं.

"पुढल्या वर्षी काय? इथेच बस. पण ते सोंग घरी ठेवून ये. आज तुझ्यावर बसलो असतो मी."

'थंडी सरताना'चं कोरं करकरीत शेपूट त्याच दुपारी शेडच्या भिंतीवर ठोकलं गेलं. भिंत जुन्या ओकच्या फळ्यांची, रंग न दिलेली.

रविवारी ड्वेन हातात लिंबाच्या सरबताचा ग्लास घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. त्याने दोनदा मोजलं.

"नऊच? व्हर्लिन, या वर्षी हुकलं नाही?"

व्हर्लिनने भिंतीकडे पाहिलं. त्याला स्वतःलाही दहावं सापडेना. त्याने सासऱ्याकडे पाहिलं. हॉलिस शेडसमोर मांडलेल्या जेवणाच्या टेबलावर हॅम कापत होता, आणि हॅम कापता कापता बोलला.

"व्हर्लिनने या वर्षी एकही गोळी वाया घालवली नाही."

ड्वेनने सरबत खाली ठेवलं आणि कपडे कुठून घेतले, ते विचारलं. व्हर्लिनने दुकान सांगितलं, फॅरेलचं नाव सांगितलं, आतले कपडे विसरू नकोस असंही बजावलं.

हॉलिसने आपला पहिला टर्की चौदाव्या वर्षी मारला. तो भावाची दुरुस्त झालेली बंदूक घेऊन भर पावसात घरी चालला होता आणि त्याच्या अंगात पिवळाधमक रेनकोट होता.