मतांचा अडत्या

आमच्या गल्लीत नळाला पाणी येण्याआधी अमेरिकेची बातमी यायची. ही अतिशयोक्ती नाही. मी एका सहकारी संस्थेत हिशेब तपासण्याचं काम करत आलो आहे, आणि वाढवून सांगणं मला जमत नाही. पाणी उजाडल्यावर यायचं. त्याआधीच गुरुपाद मगदूम, म्हणजे आमचे मगदूम आण्णा, डोक्याला मफलर गुंडाळून तरुण मंडळाच्या फळ्यापुढं उभे असायचे आणि खडूनं लिहीत असायचे.

कोल्हापुरात मंडळ तिथं फळा. कुणाचं रक्षाविसर्जन कधी, फुटबॉलच्या सामन्यात कोण हरलं, वीज कधी जाणार, हे त्यावर कळतं. आमच्या फळ्यावर हे सगळं एका कोपऱ्यात असायचं. वरचा मोठा भाग आण्णांचा. मथळा ठरलेला: 'आजची कंपनी'. त्याखाली इंग्रजी पेपरातनं नाहीतर रेडिओवरून टिपलेली संगणकाच्या जगातली एक बातमी, आणि बातमीखाली आण्णांचं मत. बातमी पांढऱ्या खडूनं, मत पिवळ्या. "बातमी दुसऱ्याची असती, मत आपलं असतंय. एका पोत्यात भरायचं न्हाय," असं ते सांगायचे.

आण्णा संगणकातले कोणी नव्हते. सारा जन्म गुळाच्या बाजारात गेला. त्यांचं अडत दुकान होतं. शेतकऱ्यानं गूळ आणायचा, आण्णांनी तो सौद्यात विकून द्यायचा आणि आपली अडत घ्यायची. वय झालं तसं दुकान पुतण्याकडे गेलं, पण पारख करायची सवय काही गेली नाही. आमच्याकडे गुळाच्या ढेपेला रवा म्हणतात. वरून पिवळाधमक दिसणारा रवा आतून काळा निघू शकतो. त्यामुळे जगातल्या कुठल्याही कंपनीबद्दल आण्णांचा सल्ला एकच: "रंगाला भुलू नका. रवा फोडून बघा."

नव्वदच्या दशकात, स्वतः संगणक पाहिलाही नव्हता तेव्हापासून, त्यांची या विषयावरची मतं पक्की होती. परदेशी कंपन्यांची नावं मात्र त्यांना पटत नसत. "ही काय नावं हाईत? आडनाव न्हाय, गाव न्हाय." म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. सगळ्यात मोठी कंपनी ती 'थोरला पाटील'. जुनी, दमलेली ती 'आत्याबाई'. कुणालाही काहीही शोधून देणारी नवी आली, ती 'तलाठी', कारण तिच्याकडे सगळ्यांचे उतारे. गल्लीनं ही नावं अशी उचलली, की माझी बायको एकदा जेवण वाढता वाढता म्हणाली, "आत्याबाईंचं काही खरं दिसत नाही. माणसं काढायला लागल्यात." कुणाच्या तरी आत्याबाई घरच्या मोलकरणींना काढतायत असं समजून मी बराच वेळ हळहळत होतो.

आमच्या संस्थेत पहिला संगणक आला, तेव्हा आण्णा मुद्दाम बघायला आले. भोवतीनं एक फेरी मारली. बोटाच्या पेरानं डब्यावर टिचकी मारून आवाज ऐकला. मागं वाकून वास घेतला.

"गरम वाफ टाकतोय की. गुऱ्हाळच हाय म्हणायचं," ते म्हणाले. "आता ह्यात ऊस कुठला घालत्यात, तेवढं सांगा."

 ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

फळ्याचा खालचा भाग सगळ्यांना मोकळा होता. ज्याला आण्णांचं मत पटलं नसेल त्यानं खडू उचलायचा. नियम एकच: "कंपनीला शिव्या द्या, कंपनीच्या आईला न्हाय." नियम मोडला की ओलं फडकं फिरायचं. दूध घालायला आलेला बाळू गवळी लिहायचा, पेन्शनर लिहायचे, कॉलेजच्या पोरी लिहायच्या. पण एक माणूस रोज लिहायचा, आणि रोज विरुद्ध लिहायचा. दस्तगीर शिकलगार.

दस्तगीरचं शिलाईचं दुकान फळ्याच्या बरोबर समोर. तो आणि आण्णा नगरपालिकेच्या शाळेत एका वर्गात होते, आणि तेव्हापासून त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झाल्याचं कुणाला आठवत नाही. आण्णांनी एखाद्या कंपनीचं कौतुक केलं की दस्तगीर तिची सालं काढायचा. आण्णांनी सालं काढली की लिहायचा, 'तुला काय कळतंय?' दिवसभर दोघं एकमेकांच्या नजरेसमोर असत, पण तोंडानं बोलणं जवळजवळ नाही. सगळं भांडण खडूनं.

एकदा एका कंपनीनं फुकट ईमेल आणि म्हणाल तेवढी जागा देऊ केली. आण्णा हरखून गेले. पिवळ्या खडूनं त्यांनी फळा भरला. दुपारी दस्तगीर गळ्यातल्या टेपसकट रस्ता ओलांडून आला आणि खाली एक ओळ लिहून गेला:

'फुकट शिवून देणाऱ्या टेलरकडनं कापड कमीच परत येतंय.'

आण्णांनी ती ओळ वाचली. परत वाचली. "माल चांगला हाय," असं पुटपुटले, आणि खडू घेऊन त्याखाली लिहिलं, 'तरीबी चूक.'

पुढं कोपऱ्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीच्या जागेत सुनीताताईंनी इंटरनेट कॅफे काढला. आण्णा बातम्या आणायला तिथं जाऊ लागले, आणि एक दिवस धापा टाकत माझ्या दारात आले.

"पोवार! तिकडंबी फळा हाय की हो!"

"कुठं?"

"अमेरिकेत! वर बातमी, खाली समदी भांडत्यात! आणि तिकडं खडू संपत न्हाय!"

ती तंत्रज्ञानाच्या बातम्यांची एक परदेशी साइट होती. आण्णांनी तिथं नाव नोंदवलं. एका बोटानं टाइप करायचे. अक्षर सापडलं नाही की 'कुठं, कुठं' अशा अर्थानं कानडीत "एल्लि, एल्लि" पुटपुटत, हरवलेली किल्ली शोधावी तसे सगळ्या बटणांवरून फिरायचे. इंग्रजी व्यापारी पत्रांतून शिकलेलं. सुरुवात 'डिअर पावणं', शेवट 'युवर्स फेथफुली', आणि मधल्या मजकुराचा मराठीत अर्थ साधारण असा, की आपली आजची टिप्पणी पोचली, आपले म्हणणे चुकीचे आहे, कळावे. परदेशी मंडळी आधी हसली. मग एकमेकांनाच 'डिअर पावणं' लिहायला लागली. हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः पाहिलं आहे.

आण्णा मला बातमीतले आकडे तपासायला शेजारी बसवून घेत, म्हणून आणखीही एक गोष्ट पाहिली. गल्लीतल्या प्रत्येकाचं मत ते इंग्रजी करून तिथं टाकत होते, आणि प्रत्येकाच्या नावाचं वेगळं खातं उघडून टाकत होते. बाळू गवळी होता, पेन्शनर होते, दस्तगीर शिकलगार तर होताच.

"आण्णा, एवढा व्याप कशाला? सगळं तुमच्याच नावावर टाका की."

आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खोट्या पावतीवर सही मागितली होती.

"काय बोलताय पोवार? धा शेतकऱ्यांचा गूळ एका नावावर इकू? ज्याची त्याची थप्पी येगळी, ज्याची त्याची हिशेबाची पट्टी येगळी. दुसऱ्याचा माल आपल्या नावावर घालणारा अडत्या न्हवं, चोर."

मी अनुवाद तपासून बघितला, सवयीनं. ज्या वाक्यांत खुद्द आण्णांना बिनडोक म्हटलं होतं, तीही शब्दाला शब्द लावून उतरवलेली होती. कमी नाही, जास्त नाही. इतकी वर्षं दप्तरं तपासतो आहे, पण असा स्वच्छ व्यवहार फार थोड्यांचा पाहिला.

दस्तगीरची ती जुनी कापडाची ओळही आण्णांनी टाकली, आणि तिनं तिकडं धमाल उडवली. खूप उत्तरं आली. कॅनडातल्या एका बाईनं तर ती ओळ आपल्या प्रत्येक मजकुराच्या तळाला कायमची लावून टाकली. त्यानंतर रोज संध्याकाळी एक सोहळा व्हायचा. आण्णा कॅफेतून परत येत, फळ्यापाशी उगाच थांबत. समोर दस्तगीर पायडल थांबवून हातातल्या कापडालाच विचारल्यासारखं विचारी, "आज काय भाव?"

आण्णा फळ्याकडं बघून सांगत, "तेजी."

एवढंच. मग मशीन पुन्हा सुरू.

तोवर तयार कपड्यांची दुकानं सगळीकडं झाली होती. दस्तगीरकडं चेन बदलायला आणि शाळेचे गणवेश आखूड करायला तेवढी माणसं येत. तरी तो दुकान रोज उघडायचा.

आणि एक दिवस साइटवाल्यांचा निरोप आला. तुमच्या गावातून येणारी ही सगळी नावं एकाच यंत्रावरून येतात, सगळ्यांची सुरुवात एक, शेवट एक. म्हणजे हा एकच माणूस अनेक मुखवटे घालून बोलतो आहे. रविवारपर्यंत एक नाव निवडा. बाकीची बंद होतील. निवडलं नाही तर सगळीच बंद.

खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो तर मीही हाच शेरा मारला असता. पण आण्णांना तो शेरा लागला.

"मला बनावट म्हणाले, पोवार. उभा जन्म बाजारात काढला. कुणी म्हणलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी फळा कोरा. पाणी आलं, बातमी आली नाही. नळावर चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग गल्ली जमली. सुनीताताईंकडे कॅमेरा होता. ठरलं, की सगळ्यांनी फळ्यासमोर उभं राहून फोटो पाठवायचा, म्हणजे माणसं खरी आहेत हे त्यांना दिसेल. बाळूनं भांग पाडला आणि दुधाचा कॅन पुढं धरला. पेन्शनर कोट घालून आले. दस्तगीर येत नव्हता. त्याला दोघांनी दंडाला धरून आणला.

फोटो गेला. उत्तरही आलं, आणि चांगलं आलं. फोटो आवडला, सगळ्यांना नमस्कार सांगा. पण नियम तो नियम. एक यंत्र, एक नाव.

"मग आण्णांचंच ठेवा," गल्ली एका तोंडानं म्हणाली. "त्यात काय इचारायचं?"

"ठेवा की त्येचंच!" दस्तगीर दुकानातून ओरडला. "मला काय करायचाय कॅनडा? माझा जावई हाय व्हय तिथं?" आणि त्यानं जोरजोरात मशीन चालू केलं.

सुईखाली कापड नव्हतं. ते मला दिसलं, आणि बहुतेक आण्णांनाही.

रविवारी मी कॅफेत शेजारी बसलो होतो. पडद्यावर सगळी नावं होती. आण्णांनी बराच वेळ "एल्लि, एल्लि" केलं आणि एका नावावर खूण केली. शिकलगार.

"आण्णा, चुकून..."

"चुकून न्हाय."

"आणि तुमची मतं?"

"माझी फळ्यावर हाईत की. पाऊस येईस्तोवर टिकत्यात." मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "त्येच्याकडं कापड येत न्हाय आता. उत्तरं तरी येऊ देत."

तेव्हापासून आण्णा इंग्रजीत रोज हरू लागले. कारण दस्तगीरचं मत म्हणजे आण्णांच्या मताचा विरोध. तो कळायचा तर आधी आण्णांचं म्हणणं सांगायला हवं. त्यामुळे रोजचा मजकूर असा व्हायचा: 'आमच्या गल्लीत एक मगदूम आहे. तो असं असं म्हणतो. तो चूक आहे.' हे आण्णा स्वतःच्या बोटानं टाइप करायचे आणि जगाला पाठवायचे. एकदाही त्यांनी त्यात आपली बाजू घुसडली नाही. मी थक्क होऊन बघत बसायचो. आकडे तपासायचं मला भान राहायचं नाही.

असं बरंच चाललं. मग कॅनडाच्या त्या बाईंनी विचारलं: 'डिअर पावणं, रोज चुकणारा हा मगदूम खरोखर आहे का? तो तुमचा कोण?'

आण्णांनी बोट बटणांवरून मागं घेतलं.

"मित्र म्हणून टाका की," मी म्हणालो.

"मी कसं टाकू? तिनं त्येला इचारलंय."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर कंपनी नव्हती. पांढऱ्या खडूनं बाईंचा प्रश्न होता, मराठीत, आणि खाली रिकामी जागा. पिवळा खडू आण्णांनी उचललाच नाही. दस्तगीर बाहेर आला, प्रश्न वाचला, आत गेला. बाळू लिहायला पुढं झाला तर पेन्शनरांनी त्याचा हात धरला. आण्णा दुपारी तिथून दोनदा उगाचच गेले. जागा रिकामीच होती.

संध्याकाळी आम्ही कॅफेत बसलो होतो. दार उघडलं. दस्तगीर. तो तिथं पहिल्यांदाच येत होता. डॉक्टरकडं काढतात तशी त्यानं चप्पल बाहेर काढली. सुनीताताईंनी स्टूल दिलं. तो आण्णांच्या शेजारी बसला आणि समोरच्या भिंतीला म्हणाला, "ल्ही."

"सांग."

"मगदूम खरा हाय म्हणावं. गुळातलं त्येला कळतंय. बाकी काय कळत न्हाय."

आण्णांचं बोट फिरलं. "पुढं?"

"शाळेपास्नं चुकतोय."

"हं. पुढं?"

दस्तगीरनं गळ्यातली टेप काढली, बोटाला गुंडाळली, सोडली.

"पर रोज येतोय."

आण्णांचं बोट थांबलं. मग एक एक अक्षर शोधत त्यांनी तेही लिहिलं. मी तपासलं. बरोबर होतं.

"झालं?" आण्णांनी विचारलं.

"झालं की. आणि काय असतंय?"

आण्णांनी ते पाठवलं नाही. की-बोर्ड उचलला आणि दस्तगीरच्या पुढ्यात ठेवला.

"हे तू दाब."

दस्तगीरनं बोट विजारीला पुसलं. वाकून त्या सगळ्या बटणांकडं बघितलं. "कुठलं?" त्यानं विचारलं.

आण्णांनी त्याचं बोट धरलं आणि बटणावर नेऊन ठेवलं.