जोतिबाला जाऊन आलेले जहाज

आश्विनातल्या सकाळी आमच्या माडीवर ऊन एकदम येत नसे. ते आधी समोरच्या गोठ्याच्या पत्र्यावर येऊन बसे, तिथे थोडे रेंगाळे, पन्हळीपन्हळीतून ओघळे. मग अंगणात पालथ्या घातलेल्या दुधाच्या किटल्यांवर उतरून त्यांना क्षणभर चांदीचा तोरा मिरवू देई. म्हशींच्या ओल्या पाठींवरून हात फिरवी. आणि चुलीच्या धुरातून वाट काढत, कठड्याला धरून, एखाद्या दमेकरी पाहुण्यासारखे एकेक पायरी वर चढे. माझ्या खिडकीशी पोचेपर्यंत ते चांगले पिकलेले असे. त्यात धूर मुरलेला असे, वैरणीचे तूस तरंगत असे. ते टेबलाच्या कडेला टेके, थबके, आणि सावकाश, फार सावकाश, माझ्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पाय ठेवी. नाळेवरून डेकवर, डेकवरून पांढऱ्या मजल्यांवर, आणि शेवटी तिन्ही पिवळ्या धुराड्यांवर. केसाएवढ्या कठड्यांच्या सावल्या डेकवर पडत. तेवढ्यात खाली म्हैस रेकली, तरी मला मात्र बंदर सोडणाऱ्या बोटीचा भोंगाच ऐकू येई.

सांगताना संकोच वाटतो, पण सांगतोच. सबंध कोल्हापुरात महासागरी जहाजाची प्रतिकृती बांधणारा मी एकटा होतो! शहर समुद्रापासून दूर, घाटमाथ्यावर असल्यामुळे चढाओढही बेताचीच होती, हे मान्य. तरीही एकटा तो एकटाच!

पुण्याहून मागवलेल्या खोक्यातून प्लास्टिकचे शेकडो तुकडे निघाले होते. दिवसा मी एका शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना पुठ्ठे चढवी आणि उरलेल्या वेळात ते तुकडे चिमट्याने धरून, गोंदाच्या वासात, श्वास रोखून एकमेकांना चिकटवी. अशी दोन वर्षे गेली. हातभर लांबीचे 'क्वीन ऑगस्टा' तयार झाले. तळाला दोन भोके होती. त्यांत स्टँडच्या दोन खुंट्या बसत आणि जहाज टेबलावर ताठ उभे राही. मी माणसांत फार बोलत नसे. जहाजाशी बोलावे लागत नसे. आमचे छान जमले होते.

अडचण एकच होती. घरात सगळे त्याला खेळणे म्हणत.

"काय रं विश्वा, झालं का तुझं खेळनं?" थोरला भाऊ हंबीरराव जिन्यातूनच ओरडे. तो घरचा दुधाचा धंदा बघे, आणि म्हशीला हाक मारायचा आवाज तो माणसांसाठी वेगळा काढत नसे.

"दादा, खेळणे नव्हे. जहाज आहे."

"मग एवढं बारकं?"

"प्रमाणबद्ध आहे."

"म्हंजे बारकंच की!"

आमची धोंडुआत्ती, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, जहाजाकडे दरवेळी नव्याने पाही आणि दरवेळी तेच विचारी, "ह्येच बुडाल्यालं न्हवं का रं?"

"नाही, आत्ती. ते वेगळे. हे कधीच बुडाले नाही."

"आजून," आत्ती म्हणे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर शहरात छंदांचे प्रदर्शन भरणार होते. त्यात मोठ्यांसाठी 'प्रतिकृती विभाग' होता. हिरवे कापड अंथरलेल्या त्या टेबलावर माझे जहाज उभे राहावे, खाली 'विश्वजित' अशी चिठ्ठी असावी, आणि घरातल्या माणसांनी ती येऊन वाचावी. आयुष्याकडून माझी एवढीच मागणी होती. एकदा ते टेबल लाभले की 'खेळणे' हा शब्द माझ्या घरातून कायमचा हद्दपार होणार होता!

आणि मग खंडेनवमी आली.

अंगणात पूजा मांडली होती. विळे, खुरपी, कडबा कापायचे यंत्र, दुधाची मापे, सायकल, आणि सगळ्यांच्या पुढे, अंगावर शोरूमचा प्लास्टिक कागद तसाच ठेवलेली हंबीररावची नवी पिकअप. आत्ती जिना चढून धापा टाकत वर आली.

"जहाज म्हंतोस न्हवं त्येला? मग वाहनच की ते! खाली आण. पूजेत ठिवू."

वाहन! दोन वर्षांत माझ्या जहाजाला कुणी पहिल्यांदाच मानाने हाक मारली होती. माझे काळीज विरघळले. वास्तविक विरघळताना माणसाने आजूबाजूला पाहावे. मी पाहिले नाही. जहाज दोन्ही हातांवर घेऊन मी खाली उतरलो आणि खुरप्यांच्या शेजारी त्याची प्रतिष्ठापना केली. नाळेवर हळदकुंकवाचा एक ठिपका आला. तो पुसता येईल, अशी मी मनाची समजूत घातली. मग झेंडूचा हार आला. तो पिकअपच्या मापाने केलेला होता. जहाज दिसेनासे झाले.

"आता आयतवारी जोतिबाला," आरती झाल्यावर हंबीरराव म्हणाला. आमच्याकडे नवी गाडी आधी जोतिबाच्या डोंगरावर नेऊन देवाला दाखवतात. त्याशिवाय तिच्यात साधी पेंडीची पिशवीसुद्धा ठेवत नाहीत.

"जहाजबी घिऊन जायाचं," आत्ती म्हणाली.

"जहाज कशाला, आत्ती?" मी दचकलो.

"नवं वाहन देवाला दावल्याबिगर वापरायचं न्हाय. उद्या कुठं अडून बसलं म्हंजे?"

"आत्ती, ते टेबलावरच असते! कुठेही जात नाही!"

"बघ! आत्ताच अडलंय की!"

मी जहाज हाराखालून काढू लागलो. तेवढ्यात हंबीरराव दयेने म्हणाला, "ऱ्हाऊ दे गं आत्ती. खेळन्याला कशाला डोंगर चढवतीस?"

त्या एका शब्दाने घात केला! मान ताठ करून मी म्हणालो, "माझे जहाज येईल."

जगातली सगळी जहाजे पहिल्या सफरीला समुद्राकडे निघतात. माझे रविवारी सकाळी डोंगर चढायला निघाले! पिकअपच्या केबिनमध्ये ड्रायव्हर जोतीराम, हंबीरराव, आणि आत्तीच्या मांडीवर 'क्वीन ऑगस्टा'. मी मागे हौद्यात, स्टँड छातीशी धरून. पंचगंगेचा पूल मागे पडला, उसाचे हिरवे फड दुतर्फा झुलू लागले, आणि प्रत्येक वळणावर जहाजाचे नाक काचेआडून डावी-उजवीकडे डोलताना पाहून माझ्या मनात काहीतरी मंद, उदास असे हेलकावत राहिले. ते मन नसून पोट होते, हे घाट संपल्यावर कळले.

डोंगरावर पिकअपची पूजा रीतसर झाली. चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फुटला. मग आत्तीने जहाज पुढे केले. गुरवाने हातात लिंबू घेऊन ते सगळ्या बाजूंनी न्याहाळले.

"चाक कुटं हाय?"

"त्येला चाक नसतंय," आत्ती म्हणाली. "ते पान्यावनं चालतंय."

"मग हितं डोंगरावर कशाला आनलंय?"

"तुमी पूजा करा की! चौकशी कशापायी?"

गुरव नमला. लिंबू जहाजाखाली ठेवले, आणि वाहन पुढे सरकल्याशिवाय पूजा पुरी होत नाही म्हणून आत्तीने जहाजावर तळहात ठेवून ते पुढे लोटले. लिंबू फुटले नाही. प्रोपेलर फुटला.

"चांगलं झालं," आत्ती म्हणाली. "इडापिडा गेली!"

मी वाकून प्रोपेलरचे तुकडे वेचत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी गरजले, "जोतिबाच्या नावानं..." आणि अवघ्या डोंगराने उत्तर दिले, "चांगभलं!" पसापसाने गुलाल आला! पिकअपवर आला, गुरवावर आला, माझ्या उघड्या तोंडात आला. धुरळा बसला तेव्हा आत्तीच्या हातात एक गुलाबी वस्तू होती. तिला तीन धुराडी होती, एवढ्यावरूनच मी तिला ओळखले.

मी रुमालाने पुसू लागलो. गुलाल पुसल्याने जातो असे मानणारा माणूस कोल्हापूरचा नव्हे. पुसल्याने तो सगळीकडे सारखा लागतो. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी होते.

"रडतोस काय खुळ्यागत?" हंबीरराव म्हणाला. "वाटंत घाटावर गाडी धुनारच हाय. त्यात ह्येबी धू."

पंचगंगेच्या घाटावर रविवारची गर्दी होती. म्हशी डुंबत होत्या, रिक्षा उभ्या होत्या, बायका गोधड्या आपटत होत्या. जोतीरामाने पँट गुडघ्यावर दुमडली, पिकअपवर दोन बादल्या फेकल्या आणि माझ्यापुढे हात केला.

"आना हिकडं. वाईच बुचकाळून काढतो."

"नको!" मी किंचाळलो. "त्याला पाणी लागता कामा नये!"

जोतीराम थांबला. बादली त्याच्या हातातच राहिली.

"जहाजाला?"

त्याने हे मोठ्याने विचारले नव्हते. पण घाटाला कान असतात. एका गोधडीवाल्या बाईने ते दुसरीला सांगितले, "आगं बाळाबाई, ऐकलंस काय? जहाजाला पानी चालत न्हाय!" बाळाबाईने ते रिक्षावाल्यांना सांगितले. सगळा घाट खदखदू लागला. दोन म्हशींनीही माना वळवल्या.

"कसं करायचं पावनं?" एक रिक्षावाला म्हणाला. "वाळूत चालवायचं काय?"

हंबीरराव माझ्याजवळ आला आणि त्याच्या परीने हळू आवाजात म्हणाला, "विश्वा, सरळ सांग की लोकांस्नी, खेळनं हाय म्हून. आनि बस जा गाडीत. कोन काय बोलनार न्हाय."

सुटकेची वाट एका शब्दाच्या अंतरावर होती. तो शब्द मी उच्चारला असता तर धुराडी वाचली असती. मी चपला काढल्या, पँट दुमडली आणि जहाज घेऊन पाण्यात उतरलो.

पाणी गार होते. गुडघाभर पाण्यात उभे राहून मी जहाज खाली टेकवले, डोळे मिटले आणि हात काढून घेतले.

डोळे उघडले, तर ते तरंगत होते!

खरोखर तरंगत होते! नाळेपुढे पाणी दुभंगत होते. गुलाल बाजूने विरघळून त्याच्यामागे एक लांब गुलाबी रेघ ओढली जात होती. टेबलावर आजवर ताठ उभे असलेले ते माझे जहाज किंचित डुलत, स्वतःहून, कुठेतरी निघाले होते. बायकांनी गोधड्या आपटायच्या थांबवल्या होत्या. आणि त्या शांततेत एक आवाज उमटला.

"भोंऽऽऽ!"

तो मी काढला होता. तोंडाने. हाताचा कर्णा करून! ज्या माणसाला ग्रंथालयात शिंक आली तरी तो ती खिशात घालतो, त्याने भर घाटावर दुसऱ्यांदा भोंगा वाजवला, "भोंऽऽऽ!" मागोमाग बाळाबाईच्या पोरीने टाळ्या पिटल्या, रिक्षावाल्याने खराखुरा हॉर्न दिला, आणि मी पाणी उडवत जहाजाच्या शेजारून चालू लागलो. मला वाटते, मी हसतही होतो.

मग जहाजाने नाक वर केले.

स्टँडसाठी असलेल्या त्या दोन भोकांतून नदी शांतपणे आत येत होती. तशात एक म्हैस उठून उभी राहिली. तिची लाट आली. शेवटचे धुराडे थोडा वेळ आभाळाकडे बोट दाखवत राहिले, आणि मग तेही गेले. पाण्यावर झेंडूची एक पाकळी तेवढी उरली.

घाटावर कुणी हसले नाही. पायरीवर उभ्या असलेल्या आत्तीने कमरेवर हात ठेवला.

"मी म्हनत हुतो न्हवं? ह्येच ते बुडाल्यालं!"

जोतीरामाने बुडी मारून जहाज वर काढले. एक धुराडे नदीने ठेवून घेतले. त्या संध्याकाळी मी उरलेली दोन धुराडी चिकटवली, गाळ काढला, वाळवले. रंग मात्र गेला नाही. एखादी नवरी हळदीनंतर दिसावी तसे जहाज गुलालात कायमचे मुरले होते.

दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन प्रदर्शनाला गेलो. आत्ती हट्टाने सोबत आली. दारातल्या टेबलाशी चष्मा लावलेल्या, मृदू बोलणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी जहाज कौतुकाने पाहिले.

"अय्या, छान आहे! बालविभाग तिकडे, खिडकीपाशी. वय?"

"सव्वीस."

"मुलाचं विचारतेय मी."

माझ्या कानशिलांना गुलालाचा रंग चढला. "हे... मला प्रतिकृती विभागात..." मी पुटपुटलो.

"तिथे तंतोतंत प्रतिकृती असतात हो," त्या समजुतीने म्हणाल्या. "खेळणी तिकडे."

"खेळनं?" आत्ती पुढे झाली. हंबीररावचा आवाज कुठून आला होता, ते त्या क्षणी सगळ्या सभागृहाला कळले. "ओ बाई! खेळनं कुनाला म्हंता? जहाज हाय ते! परमानबद्ध! खंडेनवमीला पूजा झालीया त्येची! जोतिबाला जाऊन आलंय! नदीत चाललंय, मी बगितलंय ह्या डोळ्यांनी! आनि बुडालंय सुदीक! खेळनं बुडतंय व्हय कधी?"

लोक जमले. हिरव्या कापडाच्या टेबलामागचे गृहस्थ उठून पाहू लागले. बाईंनी चष्मा काढून पुसला. आत्ती थांबेना. दोन वर्षे जे मी पुटपुटत आलो होतो, ते सगळे ती माझ्या वतीने, तळमळीने, डोळ्यांत पाणी आणून ओरडत होती. तिच्याएवढी श्रद्धा माझ्या जहाजावर आजवर कुणी ठेवली नव्हती. मीसुद्धा नाही.

खिडकीतून सकाळचे ऊन बालविभागाच्या टेबलावर पडले होते. तिथे एक मातीचा किल्ला होता, काडेपेट्यांची आगगाडी होती, आणि मध्ये हातभर जागा रिकामी होती.

मी आत्तीचा हात धरला.

"आत्ती, चल," मी म्हणालो. "खेळणे आहे ते."